नणंद-भावजयीचा कॉम्प्युटर

सोयाबीनची सोंगणी तोंडावर आली होती आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्या नणंदेनं घरात कॉम्प्युटरचा विषय काढला. ती मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. उंद्रीहून चिखलीला रोज एसटीनं जायची. कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन रिकामं मिळालं तरच तिचं ड्रॉइंग पुढं सरकायचं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वांग्या-टमाट्याच्या पैशातून पन्नास हजार तिच्यासाठी बाजूला काढले होते. त्यात काय घ्यायचं यावरून घरात दोन तट पडले. एका तटात सगळं घर आणि दुसऱ्यात ती एकटी.

घराला लॅपटॉप हवा होता. माझा नवरा म्हणाला, "आता टेबलावरचा डबा कोण घेते वं? लॅपटॉप कुठंबी घेऊन फिरता येते."

"मले फिराचं नाई दादा, मले ड्रॉइंग काढाचं आहे," ती म्हणाली. "इतक्या पैशात जो लॅपटॉप येते, त्याच्यावर आमचं सॉफ्टवेअर उघडलं की तो मान टाकते. अन् बिघडला तं अख्खा बिघडते. सुटे पार्ट घेतले तं याच पैशात दमदार मशीन होते. उद्या काही गेलं तं तेवढंच बदलता येते."

मामाजी जेवत होते. त्यांनी तोंडातला घास संपवला आणि म्हणाले, "जिले चालवाचं आहे, तिलेच ठरवू द्या."

ठरलं. पण अकोल्याला तिच्याबरोबर जाणार कोण? मळणीयंत्र सांगून ठेवलेलं, घरातला एकही पुरुष हलू शकत नव्हता. सासूबाई सहज बोलून गेल्या, "मंग सून जाईन तिच्यासंगं."

मला भीतीच वाटली. अकोल्याला मी गेले होते ते लग्नाच्या साड्या घ्यायला, तेही माणसांच्या लवाजम्यात. शिवाय नणंदेचं आणि माझं तोवर बेताचंच होतं. भांडण नव्हतं. ती पुस्तकात, मी स्वयंपाकघरात. बोलायला काही निघायचंच नाही.

"ताई, मले त्यातलं काहीच समजत नाई," मी तिला सांगितलं.

"मी शिकवते ना!"

मी भाकरी थापत असताना ती समोर येऊन बसली आणि धो धो बोलत सुटली. प्रोसेसर म्हणजे काम करणारा. मदरबोर्ड म्हणजे सगळे पार्ट ज्याच्यावर बसतात ती पाटी. रॅम आणि एसएसडी, दोन्हींना ती मेमरीच म्हणायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. "थांबा ताई. ओट्यावर एका वेळी जेवढं मांडता येते ते रॅम, अन् कोठीत भरून ठेवलेलं ते एसएसडी. असंच ना?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "हाव वहिनी! असंच!"

पॉवर सप्लायबद्दल मात्र ती फार हट्टाला पेटलेली होती. घरातली लाईट घेऊन ती सगळ्या पार्टांना वाटून देणारा तो डबा. आमच्याकडं लाईट कधी मिणमिणते, कधी एकदम भडकते. ती म्हणाली, "हा डबा हलका घेतला तं एक दिवस सगळ्याले सोबत घेऊन जाईन."

अकोल्यातलं पहिलं दुकान सगळं काचेचं होतं. आत गेल्या गेल्या तिथल्या माणसानं आमच्यामागं दारापर्यंत नजर टाकली. "सोबत कोणी जेंट्स नाही का?"

"नाई," मी म्हटलं.

मग त्यानं आम्हाला काही न विचारता एक काचेचं कॅबिनेट पुढं ओढलं. आतले पंखे लाल, निळे, हिरवे होत होते. "सगळे स्टुडंट हाच सेट घेतात मॅडम. यात पॉवर सप्लाय फ्री."

मी नणंदेकडं पाहिलं. स्वयंपाकघरात धो धो बोलणारी पोरगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिला सगळं येत होतं, फक्त आवाज फुटत नव्हता. आणि त्या क्षणी माझी भीती कुठं गेली कोण जाणे. संग्रामपूरला माझ्या वडिलांचं किराणा दुकान आहे. लहानपणापासून मी गल्ल्यावर बसलेली. गिऱ्हाइकानं मागायच्या आधीच जी वस्तू पुढं येते, ती खपत नसलेली असते, एवढं मला कळत होतं.

"दादा, आम्ही अजून काही मागतलंच नाई," मी म्हटलं. "आधी हिचं ऐका."

तो थांबला. नणंदेनं घसा खाकरला. "या प्रोसेसरच्या नंबरमागं एफ आहे. म्हणजे याच्यात ग्राफिक्स नाई. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाई."

"मग कार्ड घ्या ना."

"कार्डातच आमचे अर्धे पैसे जातीन. मले आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर पाह्यजे. अन् हा फ्री सप्लाय नको."

त्याचा चेहरा उतरला. "ते मागवावं लागेल. तुम्ही असं करा, घरी विचारून या."

"घरी इचारूनच आलो," मी म्हटलं आणि पिशवी उचलली. रस्त्यावर येईपर्यंत आम्ही दोघींनी हसू दाबून धरलं, मग रसवंतीपाशी उभ्या राहून इतक्या हसलो की उसाच्या रसवाल्यालाही हसू आलं. लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदाच अशा हसलो.

दुसरं दुकान एका जिन्यावर होतं, अरुंद, खोक्यांनी भरलेलं. पिकल्या केसांचे मालक डबा खात होते. हात पुसून त्यांनी नणंदेलाच विचारलं, "काम काय करणार त्याच्यावर?"

तेवढं पुरलं. ती जी सुरू झाली ती थांबेचना. सहा कोअरचा, आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर. रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या, कारण जोडीनं त्या जास्त पळतात. वजनदार पॉवर सप्लाय. पुढं रॅम वाढवता येईल अशी मोकळी जागा असलेला मदरबोर्ड. मालक मान डोलवत एकेक खोकं काढत गेले आणि बेरीज आमच्या पैशांच्या वर गेली.

"सप्लाय साधा घेतला की बसतं बघा," ते म्हणाले.

"सप्लाय हाच. कॅबिनेट साधं पत्र्याचं द्या, कीबोर्ड-माउस सगळ्यात स्वस्त द्या अन् स्क्रीन एक नंबर लहान." जरा थांबून ती माझ्याकडं वळली. "चालते ना वहिनी?"

"पत्र्याच्या डब्याले काय झालं? आपलं धान्य पत्र्याच्याच कोठीत राह्यते," मी म्हटलं. आणि मग माझं काम सुरू झालं. मी जी घासाघीस केली ती माझ्या वडिलांनी गल्ल्यावर बसून ऐकली असती तर त्यांनी डोक्याला हात लावला असता. शेवटी भाव उतरलाच, शिवाय लाईटचा झटका थोपवणारा एक्स्टेन्शन बोर्ड त्यात आला.

"जोडून देतो, त्याचे पैसे नाही," मालक म्हणाले.

"नको," नणंद म्हणाली. "मी घरी जोडते."

हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. मालक गंभीर झाले. "बेटा, एक पिन वाकली तर ते वॉरंटीत बसत नाही." मग मोठी म्हणून मला विचारलं, "काय करू ताई?"

एवढी वांगी, एवढे टमाटे, उन्हात वाकलेल्या सासूबाई, सगळं डोळ्यांपुढून गेलं. नणंद नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"नका जोडू," मी म्हटलं. "ती जोडते."

खामगावमार्गे एसटीनं परतलो. स्क्रीनचं खोकं माझ्या मांडीवर, मदरबोर्ड तिच्या छातीशी.

मळणी आटोपली त्या दुपारी तिनं पडवीत टेबल मांडलं. मामाजी खुर्ची घेऊन बसले. नवरा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. मी स्क्रूची वाटी धरून उभी. प्रोसेसर तिनं दोन बोटांत असा धरला, जसं कोवळं पाखरू. तो जागेवर अलगद बसला. रॅमची पट्टी मात्र अशी दाबली की मी ओरडलेच, "मोडन ना ताई!" कट्‌ असा आवाज झाला. "बसली," ती म्हणाली. कपाळावर घाम, पण हात स्थिर.

सगळं जोडून तिनं बटण दाबलं. पंखा गरगरला. स्क्रीन काळीच.

नवऱ्यानं तोंड उघडलं, तसं मामाजींनी नुसता हात वर केला. नणंदेचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिच्या कानाशी म्हटलं, "घाई नाई. पुन्हा पहिल्यापासून पाहा."

तिनं बटण बंद केलं, पिन काढली आणि एकेका वायरीवरून बोट फिरवत गेली. बोट पॉवर सप्लायपाशी थांबलं. एक जाड वायर कॅबिनेटच्या मागच्या पोकळीत तशीच लोंबत होती. "प्रोसेसरची लाईट!" ती ओरडली. "पंख्याले दिली, प्रोसेसरले द्यायचीच राह्यली!"

वायर बसवली. बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली, आणि तिनं मला अशी मिठी मारली की हातातली वाटी उडाली आणि उरलेले स्क्रू पडवीभर झाले.

मामाजींनी त्या संध्याकाळी गावात आणि फोनवर सगळ्या सोयऱ्यांना एकच गोष्ट सांगितली. "इकत नाई आणला. पोरीनं बनोला!" नवऱ्यानं आपणहून त्या मशीनसाठी कपाटाशेजारची चांगली जागा मोकळी केली. कॉलेजात ज्या गिअरबॉक्सच्या ड्रॉइंगनं लॅबचं मशीन अडकून बसायचं, तो तिनं आम्हाला स्क्रीनवर फिरवून दाखवला, आतला एकेक दाता उलगडून. सासूबाई म्हणाल्या, "हे तं बाई खरंच फिरून राह्यलं."

पुढच्या वर्षी तिच्या वर्गातली वडनेर भोलजीची एक मुलगी आईला घेऊन आमच्याकडं आली. त्यांनाही असंच मशीन हवं होतं. नणंदेची परीक्षा चालू होती, म्हणून त्या मायलेकींबरोबर अकोल्याला मी गेले. घरचं सोबत कोणी नाही. जिन्यावरच्या दुकानात बसून मी पार्ट निवडून दिले. कुठं अडलं की त्या मुलीला विचारलं, तिचं अडलं की तिनं मला. पैसे पुरले, थोडे उरलेही. त्या उरलेल्या पैशात तिच्या आईनं आम्हा दोघींना पोटभर जेवू घातलं, आणि भाजी कशी झाली यावर आम्ही बसस्टँडपर्यंत बोलत गेलो.