काळा झालेला शालू

पुंडलिकनगरात मी शिकायला खोली घेऊन राहते. खालच्या घरातल्या काकू झाडपाल्याच्या रंगांनी कापड रंगवतात. त्यांच्या शेगडीवर एकीकडे वरण आणि दुसरीकडे डाळिंबाच्या साली उकळत असतात. बोलता बोलता त्या ओली बोटं पदराला पुसतात, त्यामुळे त्यांचा एकही पदर बिनडागाचा नाही.

परवा त्यांनी अंगणात हिरड्याच्या पाण्यात भिजवलेला एक पिवळा शालू उचलला आणि गंजलेल्या लोखंडाच्या पाण्यात बुडवला. बघता बघता तो काळा झाला.

“काकू, कुणाचा हा?”

“माझा, लग्नातला. पुढच्या आठवड्यात लेकीच्या लग्नात नेसणार.”

मी हादरलेच. आमच्या फुलंब्रीकडं लग्नात काळं कुणी नेसत नाही.

“अगं, व्याही काय म्हणतील?” काका दारातून ओरडले.

“म्हणू द्या. तो पिवळा तुमच्या आईनं निवडला होता. तवा मला कुणी विचारलं नाय.”

त्यांची मुलगी पायरीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, “आई, माझा शालू तू लाल रंगवलास. मला कुठं विचारलंस?”

काकूंचे हात त्या काळ्या पाण्यातच थांबले. कुणाकडं बघावं ते मला कळेना.