कॅनडाला पाठवलेला चारित्र्याचा दाखला

आमच्या यांच्यासारखं पत्र अबुधाबीच्या मराठी मंडळात कुणालाच लिहिता येत नाही, असं यांचंच मत आहे. कार्यक्रमाला हॉल हवा, कुणाच्या मुलाला शाळेत प्रवेश हवा, की यांनी लॅपटॉप उघडलाच. त्यामुळे पुतण्याच्या वकीलबाईंची कॅनडाहून मेल आली, तेव्हा हे खुर्ची पुढे ओढून बाह्या सरसावून बसले.

पुतण्या म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. मुसफ्फ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनियर होता आणि दोन वर्षं आमच्याकडेच राहत होता. त्याला पुरुष आवडतात हे कळल्यावर दीर मिळेल त्या विमानाने आले. रविवारी दुपारी, आमच्या हॉलमध्ये, त्यांनी सव्वीस वर्षांच्या मुलाला पट्ट्याने मारलं. "गावाला नेऊन गाडीन, नाहीतर इथल्याच पोलिसांना सांगून आत टाकीन," असं म्हणत मारलं. आमचे हे सोफ्यावर बसून "दादा, हळू, शेजारी ऐकतील" एवढंच म्हणत होते. शेजाऱ्यांची काळजी करण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही.

पोरगा त्याच कपड्यांत बाहेर पडला. पासपोर्टवर कॅनडाचा टुरिस्ट व्हिसा होता, त्यावर गेला आणि तिथे त्याने आश्रय मागितला. मंडळात कुणी विचारलं की हे सांगतात, "हायर स्टडीज." विचारणाऱ्यालाही सगळं ठाऊक असतं. तरी तो "वा वा" म्हणतो आणि बटाटेवड्याकडे वळतो.

वकीलबाईंनी फार काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी घरात काय पाहिलं आणि काय ऐकलं, तेवढं लिहून द्या. घरातलं कुणी बोललं नाही तर अर्ज फेटाळला जाईल आणि त्याला भारतात परत पाठवतील. म्हणजे दिरांच्याच हातात.

यांनी दोन पानं लिहिली. मुलगा निर्व्यसनी, शाकाहारी. वडील निवृत्त मुख्याध्यापक, गावात मान, स्वतःचं दुमजली घर. घरातलं वातावरण धार्मिक आणि प्रेमळ, मुलावर आजवर कुणी हात उगारलेला नाही. आम्ही जणू कॅनडा सरकारकडे मुलगी मागायला निघालो होतो. पत्रिका आणि उंची तेवढी राहिली होती.

आमच्या मुलीने ते पत्र वाचलं आणि म्हणाली, "डॅड, धिस इज अ लाय. यू वेअर राइट देअर."

"तू आत जा," हे म्हणाले. "चांगल्या घरचा मुलगा आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? सरकारला फॅमिली बॅकग्राउंडच बघायचं असतं. आणि घरातल्या गोष्टी परक्यांना सांगायच्या? खलास, विषय संपला."

पत्र गेलं. खाली आम्हा दोघांच्या सह्या होत्या.

दोन दिवसांनी वकीलबाईंचा फोन आला. फार सभ्यपणे बोलल्या. एवढ्या प्रेमळ घरी परत जायला तुमचा पुतण्या घाबरतो कशाला, असं मला उद्या सुनावणीत विचारतील, तेव्हा मी काय सांगू? हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही, असंही म्हणाल्या. हे फणफणले. "आपलं इंग्लिश त्यांना झेपलं नसेल."

मग मी लिहिलं. मी नोकरी करते त्या बँकेत, लंचच्या वेळी, डबा न उघडता. पट्टा, पोलिसांची धमकी, सोफ्यावर बसलेले हे, सगळं. दादांचे शब्द मराठीत लिहून खाली अर्थ दिला. पाठवल्यावर मला स्वतःचा फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? आठवडाभर मी यांच्याकडे असं बघत होते की बिचारे चहासुद्धा स्वतः करून घ्यायला लागले.

वकीलबाईंचं उत्तर आलं. तुमचं पत्र फार उपयोगी आहे, एवढीच एक गोष्ट स्पष्ट करा. वडिलांना हे कळलं कसं? तुमच्या पुतण्याला आम्ही तीनदा विचारलं, तो दरवेळी "मला माहीत नाही" म्हणतो.

त्याला चांगलं माहीत होतं. त्या रविवारी चपला घालताना त्याने मला विचारलं होतं, "काकू, तुम्हीच ना?" आणि मी मान खाली घातली होती.

त्याचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, त्यावरचा मेसेज मी वाचला होता. पोळ्या तशाच टाकून मी दिरांना कळवलं होतं. तिकडे जीव टांगणीला लागलेला असतानाही तो पोरगा माझं नाव घेत नव्हता, आणि मी इथे यांना नावं ठेवत बसले होते.

मी उत्तर लिहिलं. दिरांना फोन मी केला. "बोलावून घ्या आणि लग्न लावून टाका, सुधारेल," असंही मीच म्हणाले होते. तेही लिहिलं.