मामाच्या नळीतलं रक्त

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून जाणारा माणूस मी. उभा जन्म अकोल्यात एका दवाखान्याच्या लॅबोरेटरीत गेला — काचेखाली दिसेल तेच खरं! तरीही हे लिहितोय...

एकोणीसशे साठ-एकसष्टची गोष्ट. धाकटी बहीण शांता अमरावतीला दिलेली. तिच्या नलूच्या, शाळकरी पोरीच्या, मानेत गाठी आल्या. हॉजकिन्स निघाला, म्हणजे गाठींचा कॅन्सर. मुंबईला नेऊन किरणं दिली, पण गाठी परत आल्या. मग शांता पोरीला घेऊन माझ्याकडेच राहायला आली.

रोगाचा जोर मोजायला तेव्हा आमच्याजवळ होतं काय? ईएसआर! उभ्या काचेच्या नळीत रक्त भरून तासभर ठेवायचं. तांबडा भाग जितका खाली बसेल तितकं लक्षण वाईट. नलूचं पार तळाशी जायचं. शेजारच्या नळीत मी रोज स्वतःचं रक्त लावायचो, रक्त गोठू नये म्हणून मिसळायचं औषध बिघडलं असेल तर कळावं म्हणून. माझं रक्त फारसं खाली बसायचं नाही.

एका संध्याकाळी शांतानं पोरीवरून हात उतरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मला म्हणाली, "भाऊ, तूबी मोड ना. मामा हायेस तिचा."

"काय येडेपणा लावला हा!"

"मोड ना रे... तुहं काय जाते त्यात?"

मोडली. मनात म्हटलंही, पोरीचं जे असेल ते मला येऊ दे.

दुसऱ्या दिवशी नलूचं रक्त जागच्या जागी. आणि माझं — तळाशी!

"नळ्या बदलल्या तुम्ही," आमच्या दवाखान्याचे डॉक्टर खेकसले. मग त्यांनी स्वतः दोघांचं रक्त काढलं, समोर खुर्ची टाकून बसले. तेच! मला नखशिखांत तपासलं, काही निघालं नाही.

शांतानं आळीभर साखर वाटली. मी म्हटलं, "अगं, गाठी पाह्य ना, तशाच हायेत."

"तू गप रे. तूच त म्हनतं, रक्त खोटं बोलत नाही!"

पुढेही दर खेपेला तेच. आकडा उत्तम, पोर वाळत चाललेली. नलू विचारायची, "मामा, आता शाळेत जाऊ ना?" रोग तिच्यातच राहिला, माझ्याकडे आला तो नुसता आकडा. नळ्यांसमोर बसून ओरडावंसं वाटायचं — अरे, यायचंच तर सगळं ये ना! पण ओरडणार कोणावर?

नलू गेली. त्यानंतर कामावर गेलो त्या सकाळी माझी नळी पूर्वीसारखी झालेली.

मोठमोठ्या डॉक्टरांना विचारलं. कोणी हसलं, कोणी विषय बदलला. मला स्वतःला आजतागायत उलगडा नाही. शांता दर भाऊबीजेला येते, ओवाळते, आणि ताट खाली ठेवता ठेवता विचारते, "भाऊ, रिपोर्ट त चांगला होता ना रे... मंग पोरगी काहून गेली?"