वाळवंटातल्या साहेबाची जाळी

अख्ख्या वाशिम जिल्ह्यात महायुद्धातल्या वाळवंटी लढाईची इत्थंभूत माहिती असलेला एकच माणूस आहे आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. रिसोडला त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यांचे वडील फौजेत मिस्त्री होते आणि आफ्रिकेच्या वाळवंटात एका गोऱ्या साहेबाच्या लढाऊ विमानाची देखभाल करत. साहेब मोठा पट्टीचा वैमानिक. शत्रूचं विमान पाडलं की आपल्या विमानावर एक खूण रंगवायचा. साडू दुरुस्त केलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे आपल्या लुनावर एक खूण रंगवतात. लुनाचा मूळ रंग आता फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्याशेजारी बसू नये. ते ताटात भाताचे ढिगारे करून वाळवंट मांडतात, त्यावरून हिरवी मिरची घरघरत आणतात आणि शत्रूचा पाडाव करतात. शत्रू नेहमी जिलबीच असते आणि पाडलेला शत्रू ते खातात. त्यांना मधुमेह आहे. "पुरे करा आता, किती इमानं पाडसान?" असं माझी मेहुणी पलीकडच्या पंगतीतून ओरडते, तोवर चार पडलेली असतात.

गॅरेजात काहीही आलं तरी ते आधी हवेची जाळी काढून झाडतात. मेडशीचा एक शेतकरी काकुळतीला आला, "भाऊ, चाक पंक्चर हाय!" साडू म्हणाले, "चाक राहू दे. धुरोळ्यानं इंजिन मरते. आदी जाळी."

याचं कारण मला फार उशिरा कळलं. तिकडे आफ्रिकेत एका सकाळी वावटळ उठली होती. साहेब घाईत होता आणि वडिलांनी इंजिनाची जाळी अर्धीच झाडली. विमान गेलं ते परतलंच नाही. वडिलांची पलटण लगेच दुसरीकडे हलली आणि साहेब आपल्यामुळे मेला हे ओझं म्हातारा जन्मभर वाहत राहिला.

निवृत्त मास्तर म्हणून मला वेळच वेळ. गेल्या हिवाळ्यात साडूंकडून ऐकून पाठ झालेलं नाव मोबाईलवर धुंडाळता धुंडाळता त्या साहेबाची आठवण सापडली, त्याने स्वतः लिहिलेली. विमानाच्या शेपटीला गोळ्या लागल्या, तो वाळूत उतरला आणि कैद झाला. युद्ध संपल्यावर घरी गेला, गुलाबाची बाग केली आणि नव्वदी गाठली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की खाली उतरेपर्यंत इंजिन झकास चालू होतं. मी पहिल्या एसटीने रिसोड गाठलं. साडू आता नाचणार याची मला खात्री होती.

त्यांनी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. मग हातातला पाना खाली ठेवला.

"म्हंजे इंजिन चालू होतं?"

"शेवटपर्यंत."

"मरायच्या आदल्या दिसी बाबा मले म्हने, जाळी नीट झाडली असती तं त्याच्या मायले तिचं पोरगं दिसलं असतं." साडूंचा आवाज चिरकला. "अन् थो तिकडं गुलाब लावून राह्यला होता! मास्तर, माया बाबाले एक कारड टाकाले काय झालतं त्याले?"

ज्या साहेबाला त्यांनी जन्मभर देव मानलं, त्याच्यावर ते पहिल्यांदाच रागावले होते. मला रडू आवरेना. साहेबाने तरी कार्ड कुठे टाकायचं होतं? आपल्यासाठी रिसोडात कुणी झुरतंय, हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.