ती गाठ माझ्या हातची होती

हिरामण आबांचं नाव आधी लिहितो. नरडाण्याच्या स्टेशनावर पेटी घेऊन उतरलो तेव्हा या मुलखात माझं कुणी नव्हतं. आबांनी घरातली एक खोली दिली. अक्कांनी, त्यांच्या बायकोनं, कळण्याची भाकरी. भाड्याचं विचारलं तर आबा हसले: “भाऊ, पानी पिवाना बी पैसा लिसू का मी?”

आता पुढचं. हे मी माझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

मी पालघरकडचा. सातवीत शाळा सोडली ती बोटीवर जायला. डिझेल आणि बर्फातच माशाचा सगळा पैसा जायला लागला तेव्हा आमच्या मालकानं एकेक बोट विकली, आणि मी समुद्र सोडून इथं तापीवर आलो. इथं धरणाच्या पाण्याचा ठेका एका शेठकडे. त्याच्या इंजिनाच्या अकरा होड्या. एक आबांकडे, एक माझ्याकडे. शेठ पाण्यात माशांचं बीज सोडतो आणि थांबतो. पाव किलोचा कटला मासा धरायचा नाही, वर्षभरात तो दोन किलोचा होतो — सगळा नफा त्या थांबण्यातच. म्हणून बारीक जाळ्याला सक्त बंदी.

ते मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

त्या उन्हाळ्यात मासा कमी लागला. शेठ म्हणाला, “जी होडी आपल्या तेलाइतका मासा आणणार नाही, ती काठावर. होडीवाला घरी.” सर्वांत कमी वजन माझं. घरी म्हणजे कुठे जाणार होतो मी? तिकडे तरी कोणती बोट उरली होती?

मग समुद्रावर पाहिलेली एक युक्ती केली. ओढजाळ्याच्या पिशवीला आतून माझ्याच हातानं विणलेलं बारीक जाळीचं अस्तर बांधलं. लहान मासा येत गेला, वजन भरत गेलं. काम झालं की अस्तर सोडवून लपवून ठेवायचो. एकदा ते काठावरच राहिलं — अकराही होड्यांची जाळी वाळत घालतात तिथं — आणि शेठच्या हाती लागलं.

आता मात्र लिहिताना थांबून चालणार नाही.

आमच्याकडे जाळ्याची गाठ मारणारे दोघंच. आबा स्वतःचं जाळं बांधत, बाकी सगळ्यांची मी. प्रत्येक हाताची गाठ वेगळी पडते. सही असावी तशी. शेठनं ते अस्तर माझ्यापुढे धरलं. “हात दोनच आहेत. बघ, आणि सांग कुणाची.”

मी पाहिली. बोटांनी चाचपलीसुद्धा — नाटक म्हणून. आणि म्हणालो, “आबांची.”

मागून कोणीतरी हसलं, “आबा, म्हातारपनमा चोरी!”

आबांनी अस्तर हातात घेतलं. गाठ वाचता येणारा माझ्याशिवाय तिथं तोच एक माणूस होता. त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “भाऊ सांगस तर तसंच व्हई,” म्हणाले, आणि होडीतली आपली पाण्याची बाटली घेऊन घराकडे गेले.

त्यांची होडी चांगली होती. शेठनं ती मला दिली. दोन वर्षं मीच चालवतोय. आबा आता कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलतात, खोकतात. संध्याकाळी अक्का अजून माझं ताट वाढतात. मी जेवतो — हेही लिहायला हवं.

भीती होती, हे खरं. पण भीती अकराही होडीवाल्यांना होती. आबांचं नाव फक्त मी घेतलं.

परवा बीज सोडायचंय. शेठ आणि सगळे होडीवाले काठावर असतील. त्याच्या आधी घरात आबा-अक्कांना सांगणार, मग काठावर सगळ्यांसमोर. माफी मागणार नाही. मागितली तर आबा लगेच देऊन टाकतील, मला माहीत आहे.

काम जाईल. जाऊ दे. दुसऱ्या कुठल्या पाण्यावर राबेन, आणि एक दिवस आबांना होडी घेऊन देईन. शेठची नाही, त्यांच्या स्वतःच्या नावाची.