ओटीतला दाखला

मे महिन्यात सगळं जग सुट्टीवर असतं तेव्हा आम्ही मास्तर-मास्तरणी उन्हात दारोदार हिंडत असतो. कडेगाव-पलूसच्या पट्ट्यात हे आता दरवर्षीचं काम झालंय. सातवी पास झालेली मुलं कुठल्या वस्तीवर आहेत ते शोधायचं, त्यांच्या घरी जाऊन बसायचं, आपल्या शाळेचं कौतुक सांगायचं आणि शाळा सोडल्याचा दाखला मागायचा. दाखला ज्याच्या हातात, मूल त्याचं. एप्रिल संपायच्या आत मुख्याध्यापक वाड्या-वस्त्या वाटून देतात आणि आमच्या जोड्या लावतात.

माझी जोडी विज्ञानाच्या सरांशी. माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस. तोंडावर मी त्याला सर म्हणते, पण लिहिताना एकेरीत येतोय, तर येऊ दे. तो बोलायला अगदी कमी. त्यामुळे घरात शिरल्यावर बोलायचं मी आणि दिलेला चहा संपवायचा त्यानं, अशी आमची वाटणी होती. मोटारसायकल तो चालवायचा, मी मागे बसून 'हळू चालवा, हळू चालवा' म्हणून ओरडायची.

त्या वर्षी माझं ओरडणं जरा कमीच होतं, कारण आठवीच्या वर्गात एक मूल कमी पडत होतं. ठरलेली मुलं भरली नाहीत की शाळेतला एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो, म्हणजे जास्तीचा, आणि जिथं जागा रिकामी असेल तिथं त्याला पाठवतात. आमच्यात सगळ्यात नवा तोच. रिकामी जागा होती जतच्याही पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला लागून. त्याच्या घरात सहा महिन्यांची मुलगी होती, बायको इथल्याच दवाखान्यात नर्स होती. एक मूल मिळालं की तो राहणार, नाही मिळालं की जाणार.

शाळेचं माहितीपत्रक मी लिहिलेलं. गुळगुळीत कागदावर वर शाळेचा फोटो आणि खाली 'आमची मूल्ये' : सचोटी, श्रम, समता. त्याखाली 'विद्यार्थ्यांसाठी संधी' अशी यादी. त्यातलं 'भव्य क्रीडांगण व खेळांचे मार्गदर्शन' हे मुख्याध्यापकांनी छापखान्यात जाऊन घातलं. मी त्यांना म्हटलं, भव्य कुठलं सर, निम्म्या मैदानात उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. तर म्हणाले, ट्रॉल्या मावतात म्हणजे भव्यच की. खेळाच्या शिक्षकांची जागा तर कित्येक वर्षं भरलेलीच नव्हती.

अशाच एका दुपारी आम्ही मळ्यातल्या एका घरी गेलो. स्लॅबचं घर, दारात म्हशी, मागे उसाचा फड. घरात साठीची एक आजी आणि तिची नात. नातीचे वडील फौजेत, आई आणि धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर तिकडे, आणि ही आजी-आजोबांजवळ. आजोबा डेअरीत दूध घालायला गेले होते. मुलगी सातवी पास झालेली, उंच, काटक, पायात बळ असलेली. मी माहितीपत्रक काढलं आणि सुरू झाले. सचोटी झाली, श्रम झाले, समतेपर्यंत पोचले तोवर आजीनं मला थांबवलं.

"बाई, तुमचं बोलणं हितलं न्हाई. म्हायार कुठलं तुमचं?"

मी म्हटलं, खंडाळ्याकडचं. गावाचं नाव सांगितलं आणि आजी उठून उभीच राहिली.

"आगं बया! शेजारचं गाव माजं! तुमच्या गावच्या विहिरीवर पाण्याला आलीया मी."

झालं. माहितीपत्रक राहिलं बाजूला. कुणाची जत्रा कधी, कुणाच्या बैलांनी शर्यत मारली, कुठला ओढा आता आटला, अर्धा तास तेच. गावाच्या नात्यानं ती माझी आत्या लागत होती. मीही तिला आत्या म्हणायला लागले आणि ती मला तू म्हणायला लागली. लग्न होऊन मी इकडे आले त्याला तीस वर्षं होत आली, पण माहेरचं कुणी भेटलं की मला अजून रडू येतं. सर भिंतीला टेकून दुसरा चहा पीत होता.

निघताना आत्यानं मला पाटावर बसवलं. माहेरची लेक घरातून रिकामी कशी जाणार? हळदकुंकू लावलं, पदर पुढे घ्यायला लावला, त्यात तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. मग आत जाऊन कपाटातून एक घडी घातलेला कागद आणला आणि तोही पदरात ठेवला. तो नातीचा दाखला होता.

"घे. पोरगी तुज्या शाळंत. म्हायारच्या माणसाच्या हातात असली की मला घोर न्हाई."

मी सरकडे पाहिलं. त्यानं कप खाली ठेवला होता आणि तो जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. मला इतका आनंद झाला की आत्याच्या पाया पडताना पदरातला नारळ निसटला.

मुलगी आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आली. माझी पिशवी तिच्या हातात होती. सर गाडी वळवायला पुढे गेला तसं तिनं हळूच विचारलं, "मॅडम, तुमच्या शाळंत खो-खोचे खांब हायत का?"

मी म्हटलं, "खेळतेस का तू?"

"व्हय. पलूसच्या शाळंत मॅटवर खेळत्यात. तितल्या सरांनी तालुक्याच्या सामन्यात बगितलं मला. म्हनले, आठवीला ये. म्हणून तर दाखला काढून आणलेला."

"मग आजीला सांगायचंस की."

"आता कसं सांगायचं? तिनं ओटीत घातलाय." तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. पाऊस पडला म्हणून सांगावं तसं तिनं सांगितलं. मग पुन्हा विचारलं, "खांब हायत का?"

आमच्या मैदानात खांब एकच होता आणि त्याला शिपाईमामा दुपारची म्हैस बांधत. मी म्हणाले, "बसवणार आहोत यंदा."

ती हसली. माझ्यावर विश्वास ठेवून हसली, आणि मी गाडीवर बसले.

दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे वाटले गेले. मुख्याध्यापकांनी मुलीचं नाव आपल्या हातानं रजिस्टरात घातलं. सगळे सरच्या पाठीवर थाप मारत होते. मला पेढा गिळवेना. मी तोंडाळ बाई आहे, वर्गात मुलं मला टरकून असतात, पण खोटं मी सहसा बोलत नाही, आणि बोलले तेही तेरा वर्षांच्या पोरीशी. आधी तिचाच राग आला. इतक्या समजूतदारपणे विचारलं नसतं, जरा हुज्जत घातली असती, तर माझं सोपं झालं असतं. मग मुख्याध्यापकांचा राग आला, खेळाची जागा न भरणाऱ्यांचा आला, आत्याचा आला. तीन दिवस असे रागाराग करण्यात गेले. चौथ्या दिवशी माहितीपत्रकाचा गठ्ठा टेबलावर दिसला. 'सचोटी' मीच लिहिलं होतं, माझ्याच आवडीचा शब्द म्हणून पहिल्या नंबरावर.

त्या दुपारी आम्ही दुसऱ्या वस्तीकडे निघालो होतो. कॅनॉलच्या कडेला मी त्याला गाडी थांबवायला सांगितली आणि खांबाची सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, "दाखला परत द्यावा असं मला वाटतंय. पण जागा तुमची जाणार. तुम्ही नको म्हणा, मी गप्प बसते."

खरं सांगायचं तर त्यानं नको म्हणावं असं मला वाटत होतं. म्हणजे पाप अर्धं अर्धं झालं असतं.

त्यानं काढलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. मग म्हणाला, "मॅडम, उद्या सकाळी जाऊ. दुपारी ऊन लई असतं."

परतताना हेल्मेटच्या आत तो रडला असेल की नाही मला माहीत नाही. मी घरी जाऊन भरपूर रडले.

आता ओटीत घातलेलं परत कसं देणार? ते काही पिशवीतून काढून हातावर ठेवायचं नसतं. मी नवा खण घेतला, नारळ घेतला, तांदूळ घेतले, शाळेतून दाखला मागून घेतला. मुख्याध्यापक काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आत्याला म्हटलं, "पाटावर बसा, आज लेक तुमची ओटी भरणार." ती खुशीत बसली. तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला आणि त्यावर दाखला ठेवला.

"आगं, हे काय? ओटीतलं परत देत्यात व्हय?"

"परत कुठं देतेय आत्या? मी ओटी भरतेय."

तिचा चेहरा उतरला. काय चुकलं तिला कळेना. मी सांगायला गेले, तोच न बोलणारा आमचा सर बोलायला लागला. पलूसच्या शाळेत मॅट आहे, शिकवणारे सर चांगले आहेत, मुलींना सामन्यांना घेऊन जातात, एसटी सकाळी अमुक वाजता तिठ्यावर येते, तुमची नात पळते कशी ते तुम्ही कधी नीट बघितलंय का आजी. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत एका शाळेची इतकी चांगली ओळख कुणी पालकांना करून दिलेली मी ऐकली नव्हती, आणि ती शाळा आमची नव्हती.

आत्या ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आवं, पर तुमी मास्तर कुठल्या शाळंचं?"

नात दाराआड उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती. मी आत्याला त्याच्या जागेचं सांगणार होते, तोंड उघडलंही होतं. त्यानं माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. मी पाटाशी सांडलेले तांदूळ गोळा करायला लागले.

मूल शेवटपर्यंत मिळालं नाही. ऑगस्टमध्ये त्याची ऑर्डर आली. बायको-मुलीला इथंच ठेवून तो एका बॅगेनिशी जतकडे गेला. जाताना स्टाफरूममध्ये सगळ्यांशी बोलला, माझ्याशीही बोलला, पण मला त्याच्या चेहऱ्याकडे बघता आलं नाही. त्यानंतर मी त्याला फोन केला नाही. रोज करायचं ठरवायची. त्याची बायको बाजारात दिसली की मी दुसऱ्या गल्लीनं जायची. मी चुकले असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. तरी तोंड दाखवायला धीर होत नव्हता.

दिवाळीच्या आधी, मधल्या सुट्टीत, आत्या शाळेत आली. एकटीच, एसटीनं. मला वाटलं फराळ घेऊन आली. तिनं व्हरांड्यातच, मुलांच्या देखत, मला धरलं.

"त्यो मास्तर कुठं हाय?"

मी म्हटलं, "बदली झाली."

"कशापायी झाली ते मला बाजारात दुसऱ्या बाईकडनं कळायचं व्हय गं? म्हायारची म्हणून मी तुला डोळं मिटून दिलं, आन् तू माज्यापासनं लपिवलंस?"

"आत्या, सांगितलं असतं तर तुम्ही मुलीला पाठवलं नसतं तिकडं."

"धाडली असती!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की आठवीची पोरं खिडकीत गोळा झाली. "तवा बी पलूसलाच धाडली असती. पर मला म्हाईत असाया पायजे हुतं, कुणाच्या ताटातलं माजी पोरगी खातीया ते. दोन वेळा घरी आला त्यो. निस्ता चहा दिला मी त्याला. भाकरी सुदीक वाढली न्हाई."

मला असं हक्कानं ओरडणारं या शाळेत कुणी नव्हतं. मी त्या व्हरांड्यात लहान पोरीसारखी उभी राहिले आणि मला बरं वाटलं.

"फोन लाव त्याला," ती म्हणाली.

मी म्हटलं, तासाला असेल. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी फोन लावला. दोन रिंगमध्ये त्यानं उचलला. मी काही बोलायच्या आत आत्यानं फोन ओढून घेतला. बोलायला खूप काही घेऊन आली होती ती, पण त्याचा आवाज ऐकल्यावर ते सगळं राहून गेलं. मग म्हणाली, "बाळा, जेवलास का?" पलीकडून तो काहीतरी म्हणाला. "आन् तितलं जेवण जातंय का तुला? दिवाळीला येशील तवा माज्याकडं याचं, बायकू-लेकीला घिऊन. पोरगी जिल्ह्याच्या संघात गेलीया. तुला दाखवायचं म्हणून टीशर्ट धुवून ठिवलाय तिनं."

पदरानं तोंड पुसत तिनं फोन माझ्यापुढे धरला.

"आता तू बोल."

मी नको नको म्हणून मान हलवली. तिनं फोन माझ्या कानालाच लावला आणि हात तसाच धरून ठेवला.

"सर," मी म्हटलं.

"मॅडम," तो म्हणाला, "लई वाट बघायला लावली तुम्ही."