हिरव्या जाकिटांनी पाठ फिरवली

व्हर्न स्टेन्सरुडचं डोकं त्या वर्षी जानेवारीतच फिरलं होतं. पथकाचं पत्र आलं, की यंदाचा खेळ एका चित्रकार बाईंच्या चित्रांवर बेतलेला आहे. या बाईंनी म्हणे आयुष्यभर रिकाम्या खोल्याच रंगवल्या, म्हणून खेळाचं नावही 'रिकाम्या खोल्या'. व्हर्नने पत्र दोनदा वाचलं आणि बायकोच्या पुढ्यात आपटलं. "रिकाम्या खोल्या बघायला तिकीट काढायचं? आपल्या माडीवर तीन पडल्यात, फुकट दाखवतो म्हणावं!"

आता व्हर्नला नावं ठेवण्याआधी त्याची बाजू ऐका. केनेली हेराल्ड्स हे आमच्या गावचं पथक. बिगुल, ड्रम आणि उंच फेकून झेलायचे झेंडे, एवढंच. मुलं उन्हाळाभर बसमधून राज्याराज्यांत हिंडतात, शाळांच्या जिमखान्यात फरशीवर झोपतात, फुटबॉलच्या मैदानावर अकरा मिनिटांचा खेळ करतात आणि एकविसावं सरलं की कायमची घरी जातात. व्हर्न चौदाव्या वर्षी त्यात शिरला. पुढे चाळीस वर्षं त्याने दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली, गोठ्यागोठ्यांत शेणात गुडघे टेकले, पण आयुष्यात काय केलंस असं विचारलं की उत्तर एकच, "भिंतीत होतो." भिंत म्हणजे अख्खं पथक या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सरळ रांगेत उभं राहतं आणि छाती फुटेस्तोवर वाजवत प्रेक्षकांच्या अंगावर चालून येतं ते. तेव्हा बाकावर बसून राहिलेला माणूस आजारी असणार, असंच आम्ही समजतो. आणि यंदाच्या खेळात भिंतच नव्हती. टोप्या नव्हत्या, तुरे नव्हते, हिरवा कोटसुद्धा नव्हता. मुलांना अंगाला चिकटणारे राखाडी कपडे घातले होते आणि मध्येच लाउडस्पीकरवर कुणी बाई खोल्यांबद्दल बोलत होती. जून महिन्यात पथकाच्या इंटरनेटवरच्या पानावर जुन्या लोकांनी या खेळाला इतक्या शिव्या घातल्या की पथकाला ते पानच बंद करावं लागलं. तरणी पोरं मात्र म्हणत होती, असं काही आजवर बघितलंच नव्हतं. व्हर्न म्हणायचा, "त्यांनी काहीच बघितलेलं नाही, हाच तर घोळ आहे!"

भिंतीत व्हर्नच्या डाव्या हाताला एल्मर पाव्हेल्का असायचा. एल्मरचे डोळे काचबिंदूने गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून दर जुलैत गावच्या स्पर्धेला व्हर्न त्याच्या शेजारी बसतो आणि मैदानावर काय चाललंय ते त्याच्या कानात सांगतो. बिगुल आणि ड्रम एल्मरला व्हर्नपेक्षा बरे कळतात, कुठल्या पोराचा सूर घसरला तेही तो सांगेल. पण त्याची नात ब्रिन झेंडेवाल्यांत होती, आणि झेंड्याला आवाज नसतो. तिची चार वर्षं एल्मरने व्हर्नच्या तोंडून पाहिली. हे तिचं शेवटचं वर्ष होतं, आणि गावातला खेळ वर्षातून एकदाच.

त्या दिवशी दुपारी चार वाजता नेहमीप्रमाणे मैदानाबाहेर गाड्या लागल्या, शेगड्या पेटल्या, बिअरमध्ये शिजवलेले सॉसेज भाजायला पडले. जुने हेराल्ड्स सगळे हिरव्या जाकिटांत, पाठीवर सोनेरी अक्षरांत पथकाचं नाव. डेल्बर्ट हूपने सगळ्यांना गोळा केलं. हा डेल्बर्ट म्हणजे जुन्यांचा पुढारी, आणि बोलायला लागला की थांबेल तर शपथ.

"ऐका रे! ती बाई बोलायला लागली की आपण उठायचं आणि पाठ फिरवायची. एक शब्द नाही, शिटी नाही. बाईचं संपलं की बसायचं. त्यांना पाठीवरचं नाव वाचू दे, म्हणजे आठवेल कुणाचं पथक आहे ते!"

"शाब्बास!" व्हर्न म्हणाला. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झालेला.

एल्मर कागदाच्या ताटलीतलं चीज चाचपत बसला होता. तो म्हणाला, "व्हर्न, एक ऐक. ब्रिनचा फोन होता. मध्ये कुठंतरी ती एकटीच आहे म्हणाली. काय करणार ते सांगितलं नाही कार्टीने. म्हणते, व्हर्नकाकांना सांगू दे. तेवढं नीट बघ हं."

"बघतो रे बाबा, बघतो. दरवर्षी बघतोच ना?"

"यंदा जरा जास्त बघ."

"बरं!"

सात वाजता हेराल्ड्स मैदानावर आले. ऊन अजून चांगलं तापलेलं. मैदानात सात मोठाल्या पांढऱ्या चौकटी उभ्या होत्या आणि त्यांतून राखाडी पोरं ये-जा करत होती. व्हर्नने सांगायला सुरुवात केली खरी, पण सांगण्यापेक्षा चिडणंच जास्त.

"चाललेत इकडून तिकडे. आता लोळतायत. बिगुल खाली ठेवून गवतात लोळतायत, एल्मर! आपण लोळलो असतो तर मास्तरने सोलून काढलं असतं."

"ब्रिन कुठंय?"

"असेल तिथंच. सगळी सारखीच दिसतात, कपडे बघ ना कसले... डाव्या चौकटीशी आहे वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"आहे, आहे."

मग बिगुल थांबले. एकाच ड्रमवर कुणीतरी तारांचा ब्रश फिरवत होतं, आणि लाउडस्पीकरवर बाई हलक्या आवाजात बोलायला लागली. पुढच्या रांगेत डेल्बर्ट उठला. त्याच्यामागे साठेक हिरवी जाकिटं उठली. व्हर्न क्षणभर घुटमळला. मग त्याने मनाशी म्हटलं, असल्या खेळात एका मिनिटात असं काय मोठं घडणार आहे? तो उठला आणि वळला. आता त्याच्यासमोर फक्त स्टँडवरची माणसं होती. त्यांच्यातली तरणी पोरं एकदम पुढे झुकली होती आणि एकीने तोंडावर हात धरला होता.

"काय चाललंय?" एल्मरने विचारलं. "सगळे गप्प झालेत. ती एकटी आहे ना आता?"

"हो."

"काय करतेय?"

वळून बघायला त्याला कुणी अडवलं होतं? पण शेजारी उभे होते ते पन्नास वर्षांचे सोबती, आणि आधी कोण वळतो हे जो तो बघत होता. व्हर्न वळला नाही. तो म्हणाला, "झेंडा वर फेकला. खूप उंच. आणि... झेलला. झकास झेलला."

तेवढ्यात समोरची तरणी पोरं बाक गदागदा हलवत ओरडायला लागली. व्हर्न गर्रकन वळला. तोवर सगळं पथक पुन्हा चालायला लागलं होतं आणि त्या राखाडी गर्दीत ब्रिन कुठली, ते त्याला ओळखू येईना. स्वतःचाच असा राग आला त्याला, पण तोही त्याने डेल्बर्टवर काढला. "बस की आता खाली, दिसत नाही!"

खेळानंतर बस सुटायच्या आधी मुलांना दहा मिनिटं मिळतात. ब्रिन धावत आली, घामाने निथळलेली, आणि आजोबांच्या गळ्यात पडली.

"वा पोरी!" एल्मर म्हणाला. "व्हर्नने सगळं सांगितलं. काय उंच फेकलास म्हणे झेंडा!"

ब्रिनने व्हर्नकडे पाहिलं. "माझ्या हातात झेंडा नव्हता, आजोबा."

"नव्हता?"

"काठी होती. तुमच्यासारखी." ती व्हर्नकडेच बघत होती. "काकांनी पाठ फिरवली होती. मला रांगच्या रांग दिसत होती, सगळ्यांच्या पाठीवर आमचं नाव. मग माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली."

एल्मरने मान व्हर्नच्या दिशेने वळवली. "मी विचारलं होतं तुला."

व्हर्न आपल्या हिरव्या जाकिटाची बटणं चाचपायला लागला.

"जाऊ दे, मी सांगते," ब्रिन एल्मरचे हात धरून भराभर बोलायला लागली. "चाळीस पावलं होती, आजोबा. फक्त ब्रशचा आवाज ऐकत, सगळ्या चौकटींमधून जायचं. तुम्ही सकाळी पलंगापासून चहाच्या ओट्यापर्यंत जाता ना, तश्शी चालले. डावा हात असा जरा पुढे. आईने तुमचा व्हिडिओ पाठवला होता, तो बघून महिनाभर शिकले. सरावात दर वेळी कुठंतरी धडकायचे. आज एकाही चौकटीला धक्का लागला नाही! आणि शेवटच्या चौकटीशी पोचले ना, तेव्हा मी..."

बसचा भोंगा वाजला. कुणीतरी तिच्या नावाने ओरडलं, दुसऱ्यांदा तर चांगलंच खेकसलं. उद्या दुपारी पुढच्या राज्यात खेळ होता. ब्रिनने आजोबांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि ती पळाली.

बस वळणावरून गेली तरी एल्मर तिथेच उभा होता.

"मग?" त्याने विचारलं. "शेवटच्या चौकटीशी पोचल्यावर काय केलं तिनं?"

"एल्मर, अरे मी..."

"तू नाही बघितलंस, कळलं मला. कुणालातरी विचार."

स्टँड रिकामं झालं होतं, तरणी पोरं केव्हाच पांगली होती. व्हर्न शेगड्यांकडे गेला. डेल्बर्ट हसत हसत सॉसेज वाटत होता. व्हर्नने त्याला विचारलं, त्याच्या शेजारच्याला विचारलं, मग एकेका हिरव्या जाकिटाला धरून विचारत सुटला. जो तो खांदे उडवत होता. "आम्ही कुठं बघितलं? तू पण तर आमच्यातच उभा होतास की!"